तिथी पाहा, मग बेट गाठा

तृतीयेचा शनिवार, सकाळचे आठ. मित्रांचा एक कंपू अलिबागच्या किनाऱ्यावर उतरतो, चपला हातात घेतो आणि ओल्या वाळूतून, खडकांतून चालत थेट कुलाबा किल्ल्याच्या दरवाज्यापाशी पोहोचतो. त्यांचे फोटो पाहून दुसरा कंपू पुढच्या शनिवारी त्याच किनाऱ्यावर आठलाच हजर होतो. पण आता किल्ल्याच्या चारी बाजूंना पाणी आहे आणि आठवड्यापूर्वीची वाट कुठे होती तेही ओळखू येत नाही.

हा अनुभव अलिबागला नवा नाही. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जलदुर्गांची एक माळच आहे: अलिबागसमोर कुलाबा, थळसमोर उंदेरी आणि खांदेरी, मुरूडजवळ जंजिरा आणि पद्मदुर्ग. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत मित्रांना यांतली तीन बेटं सहज पाहता येतात. गाडी, मुक्काम, माशांचं जेवण ही सगळी तयारी हौसेने होते. मात्र समुद्र किती वाजता काय करणार आहे, हा प्रश्न सहसा किनाऱ्यावर पोहोचल्यावरच विचारला जातो. खरं तर त्याचं उत्तर घरबसल्या काढता येतं. कोकणातले कोळी ते पिढ्यान्‌पिढ्या पंचांगातली तिथी पाहून तोंडी काढत आले आहेत. त्यामागचं कारण समजून घेतलं, तर सहल सुरक्षित होतेच, शिवाय बेटावरच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो.

## चंद्र पाणी कसं हलवतो?

भरती-ओहोटी चंद्रामुळे होते, हे आपण शाळेत शिकतो. पण चंद्र डोक्यावरून दिवसातून एकदाच जातो आणि भरती मात्र दोनदा येते, ती कशी?

गुरुत्वाकर्षणाची ओढ अंतरावर ठरते. जवळच्या वस्तूवर ती जास्त, दूरच्या वस्तूवर कमी. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे आणि पृथ्वीचा व्यास आहे सुमारे १२,७०० किलोमीटर. म्हणजे पृथ्वीची चंद्राकडची बाजू चंद्राला जवळ आणि पलीकडची बाजू तेवढ्या अंतराने दूर. या दोन बाजूंवरच्या ओढीत सहा-सात टक्क्यांचा फरक पडतो.

चंद्रासमोरचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त जोराने ओढलं जातं, म्हणून ते चंद्राच्या दिशेने गोळा होतं आणि तिथे फुगवटा येतो. पलीकडच्या बाजूला उलटं घडतं. तिथल्या पाण्यावरची ओढ पृथ्वीच्या मध्यावरच्या ओढीपेक्षा कमी असते. पृथ्वी चंद्राकडे जितकी खेचली जाते तितकं ते पाणी खेचलं जात नाही, मागे राहतं. त्यामुळे तिकडेही फुगवटा येतो. असे समोरासमोर दोन फुगवटे झाले की त्यांच्यामधल्या भागांतलं पाणी उतरतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा कोणताही किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून आणि दोन्ही उतारांतून जातो. म्हणून दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या.

चंद्र एका जागी थांबलेला असता तर भरती रोज ठरलेल्या घड्याळी वेळेला आली असती. पण पृथ्वीची एक फेरी पूर्ण होईपर्यंत चंद्रही आपल्या कक्षेत पुढे सरकतो आणि त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला सरासरी ५० मिनिटं जास्त लागतात. म्हणून एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते आणि आजची भरती उद्या साधारण पाऊण-एक तास उशिरा येते. सात दिवसांत हा उशीर सहा तासांच्या आसपास जातो. सहा तास म्हणजे भरतीच्या जागी ओहोटी! दुसऱ्या कंपूला आठवड्याने त्याच वेळी उलटा समुद्र दिसला, तो यामुळे.

## उधाण आणि भांग

वेळेइतकंच महत्त्व आहे पाणी किती चढतं आणि किती उतरतं याला. इथे सूर्यही भाग घेतो.

सूर्य चंद्राच्या कित्येक पटींनी जड असला तरी तो सुमारे ३९० पट दूरही आहे. भरती येते ती पृथ्वीच्या दोन बाजूंवरच्या ओढीतल्या फरकामुळे आणि अंतर वाढलं की हा फरक फार झपाट्याने घटतो. त्यामुळे भरतीतला सूर्याचा वाटा चंद्राच्या वाट्याच्या निम्म्याहून थोडा कमी पडतो.

अमावस्येला आणि पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळपास एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकाच रेषेत काम करते. भरती मोठी येते आणि ओहोटीही खूप खाली जाते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एकमेकांशी काटकोनात असतात. एकाचा फुगवटा जिथे, तिथे दुसऱ्याचा उतार. त्या दिवसांत पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. हा भांग. पाण्याला हलायला आणि वळायला वेळ लागत असल्याने सर्वांत मोठं उधाण पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं आणि भांगही तसाच थोडा उशिरा लागतो.

सहलीसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. भांगाच्या दिवशी तो दीड-दोन मीटरवर येतो. म्हणून अष्टमीला भर दुपारी ओहोटी असली, तरी कुलाब्याची वाट पूर्ण उघडी पडेलच असं नाही. नुसती ओहोटीची वेळ पाहून भागत नाही, ती उधाणाची ओहोटी आहे की भांगाची हेही पाहावं लागतं.

## तिथीची पाऊणपट

कोकण किनाऱ्यावरचा तोंडी हिशेब असा आहे: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल, ती पूर्ण भरतीची वेळ. ती दुपारकडची आणि रात्रीकडची, दोन्ही. तिच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर पूर्ण ओहोटी.

तृतीया घ्या. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या सुमारास भरती, तर सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास ओहोटी. पहिला कंपू सकाळी आठला चालत गेला तो याच हिशेबाने. सात दिवसांनी दशमी आली. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातला भरती. दुसऱ्या कंपूने आठ वाजता किल्ल्याभोवती पाणी पाहिलं, ते भरतीचं होतं.

हा हिशेब चालतो कसा? अमावस्येला चंद्र सूर्याबरोबरच आकाशात असतो आणि दुपारी बाराच्या सुमारास माथ्यावर येतो. पौर्णिमेला तो मध्यरात्री माथ्यावर येतो आणि दुपारी बाराला बरोबर पायाखालच्या बाजूला असतो. मुंबईच्या परिसरात पूर्ण भरती साधारण याच वेळांना लागते. म्हणून पौर्णिमा-अमावस्येची भरती बाराची. पुढे प्रत्येक तिथीला भरती सरासरी ४८-४९ मिनिटांनी मागे पडते. तोंडी गुणाकाराला सोपा जावा म्हणून तो आकडा ४५ मिनिटांचा, म्हणजे पाऊण तासाचा धरला.

अर्थात हा ढोबळ हिशेब आहे. उधाणाच्या दिवसांत रोजचा उशीर पाऊण तासापेक्षा कमी असतो, भांगाच्या दिवसांत जास्त. त्यामुळे उत्तर तासभर मागेपुढे होऊ शकतं. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. गोव्याला ती मुंबईच्या आधी लागते. म्हणून दिवस निवडायला तिथी वापरावी आणि प्रत्यक्ष पाण्यात पाय घालण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं छापील किंवा फोनवरचं वेळापत्रक पाहावं.

कुलाब्याला चालत जायचं असेल तर कोणते दिवस बरे? दोन खिडक्या आहेत. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतर द्वितीया ते चतुर्थी, म्हणजे सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान उधाणाची ओहोटी. किंवा द्वादशी ते चतुर्दशी, म्हणजे दुपारी तीन ते साडेचारच्या दरम्यान उतरतं पाणी. एका शनिवारी जमलं तर त्याच्या पुढच्या शनिवारी सहसा जमणार नाही, पण त्यानंतरच्या शनिवारी बहुधा पुन्हा जमेल. पंधरवड्याचं हे चक्र एकदा लक्षात आलं की सहलीची तारीख ठरवायला दोन मिनिटं पुरतात.

## मालवणला एक पाणी, अलिबागला दुसरं

मालवणचा सिंधुदुर्गही किनाऱ्याजवळच आहे. मग ओहोटीला तिथे चालत का जाता येत नाही? एक कारण म्हणजे मधल्या समुद्राची खोली. दुसरं कारण असं की कोकणच्या दक्षिण टोकाला भरती-ओहोटीतला फरकच लहान असतो. गोव्याच्या आसपास तो उधाणालाही दोन मीटरच्या घरात असतो. मुंबईजवळ चार मीटर आणि खंबातच्या आखातात, भावनगरकडे, तो दहा मीटरच्या आसपास जातो. समुद्र एकच आणि चंद्रही एकच असताना असं का व्हावं?

भर महासागरात चंद्रामुळे पाणी मीटरभरही उचललं जात नाही. किनाऱ्याजवळ समुद्रतळाचा एक उथळ पट्टा असतो. गोव्याजवळ तो अरुंद आहे, मुंबईसमोर तो तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद होतो. परातीत दोन बोटं पाणी घेऊन चालून पाहा. मधलं पाणी फारसं हलत नाही, कडेचं मात्र चढतं आणि आपल्या पावलांची लय पाण्याच्या डचमळण्याशी जुळली तर ते बाहेर सांडतं. खोल समुद्रातून आलेली भरतीची लाट या रुंद, उथळ पट्ट्यावर चढते तेव्हा तिचा वेग कमी होतो, तेवढंच पाणी कमी खोलीत मावावं लागतं आणि पट्ट्याची स्वतःची डचमळण्याची लय चंद्राच्या साडेबारा तासांच्या लयीच्या जवळ जाते. म्हणून किनाऱ्याशी पाणी उंच चढतं. पुढे खंबातच्या निमुळत्या आखातात त्याला बाजूला पसरायलाही जागा उरत नाही.

उधाणाच्या दिवसांत कुलाबा किल्ला दिवसातून दोनदा बेट होतो आणि दोनदा जमिनीशी जोडला जातो, तो या रुंद उथळ समुद्रामुळे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६८० मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं ते प्रमुख ठाणं बनलं. जमिनीवरून चालून येणाऱ्या सैन्याला इथे समुद्राने नेमून दिलेले थोडेच तास मिळत. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून केलेला हल्लाही या किल्ल्याने परतवला.

## पाणी आधी सावकाश, मग झपाट्याने

ओहोटीला चालत जाणारे लोक अडकतात, त्याचं एक ठरावीक कारण आहे. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. खलाशी यासाठी बारा भागांचा हिशेब वापरतात. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढतं.

उधाणाच्या दिवशीचा चार मीटरचा चढ धरला तर पहिल्या तासात पाणी सुमारे ३३ सेंटिमीटरच वाढतं. किल्ल्यात फिरणाऱ्याला वाटतं, अजून भरपूर वेळ आहे. दुसऱ्या तासात आणखी ६७ सेंटिमीटर, म्हणजे एकूण मीटरभर. तिसऱ्या तासात पुन्हा एक मीटर. गुडघाभर पाण्याचं छातीभर पाणी व्हायला तासही लागत नाही. त्यात वाट सपाट नाही. मधल्या खोलगट भागांत आधी पाणी भरतं आणि किनाऱ्याकडे पाहणाऱ्याला पुढची वाळू कोरडीच दिसत राहते.

म्हणून नियम साधा आहे. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघा आणि पाणी वळल्यावर किल्ल्यात रेंगाळू नका. अलिबागच्या घोडागाड्याही याच हिशेबाने किल्ल्याकडे ये-जा करतात.

## होडी सकाळची का धरावी?

दुसऱ्या दिवशी मुरूड. राजपुरीच्या बंदरातून शिडाच्या होड्या जंजिऱ्याकडे जातात. जाणकार होडीवाले सकाळची फेरी बरी म्हणतात. त्यामागे वाऱ्याचं गणित आहे.

एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, तिच्या साधारण पाचव्या भागात एक किलो वाळू तेवढीच तापते. शिवाय समुद्रात ऊन खोलवर जातं आणि पाणी ढवळलं जातं, तर जमिनीचा वरचाच थर तापतो. त्यामुळे दुपारी जमीन समुद्रापेक्षा खूप गरम होते. जमिनीवरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे.

पहाटेपासून सकाळपर्यंत मतलई वारे मंद वाहतात किंवा पडलेले असतात. ते जमिनीकडून येत असल्याने किनाऱ्यालगत लाटा उठवायला त्यांना पाण्याचा विस्तारही मिळत नाही. दुपारनंतर खारे वारे जोर धरतात. ते मोकळ्या समुद्रावरून येतात, म्हणून त्यांच्याबरोबर लाटाही येतात. जंजिरा राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी आहे. दुपारी ओहोटी लागलेली असेल तर खाडीतलं पाणी बाहेर धावतं आणि वारा आत येत असतो. प्रवाह आणि वारा असे समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, होडी जास्त हिंदकळते आणि दरवाज्यापाशी उतरणाऱ्यांचा तोल जातो. होडी किल्ल्याला लावताना खलाशी घाई करू देत नाहीत आणि एकेकालाच उतरवतात, ते यासाठी.

## खाऱ्या समुद्रात गोडं पाणी

जंजिऱ्यात शिरल्यावर बहुतेकांना थक्क करतात ते तिथले गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. कुलाबा किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आणि पुष्करणी आहे. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आहेत. चारी बाजूंना खारं पाणी असताना हे गोडं पाणी येतं कुठून?

ते आकाशातून येतं. जंजिऱ्याचं क्षेत्रफळ सुमारे २२ एकर, म्हणजे जवळपास ८९ हजार चौरस मीटर. कोकणातला पाऊस कमीत कमी दोन मीटर धरला तरी एका पावसाळ्यात या एवढ्याशा बेटावर सुमारे १७ ते १८ कोटी लिटर पाणी पडतं. त्यातला काही भागच अडवता आला तरी गडावरच्या वस्तीला वर्षभर पुरतो. पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांत उघड्या तलावातलं मीटर-दीड मीटर पाणी उन्हाने उडून जातं. म्हणून तलाव पसरट न ठेवता खोल करावे लागतात. जुन्या बांधणाऱ्यांनी ते तसेच केले.

विहिरीचं गणित थोडं वेगळं आहे. पावसाचं पाणी माती आणि खडकाच्या भेगांतून खाली मुरतं. समुद्राचं पाणी मिठामुळे गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. त्यामुळे मुरलेलं गोडं पाणी बेटाखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. सच्छिद्र जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर त्या वजनाने खारं पाणी सुमारे चाळीस मीटर खाली दाबलं जातं. कठीण काळ्या खडकात भेगा तुरळक असल्याने हे प्रमाण इतकं नेटकं राहत नाही, पण तत्त्व तेच. गोड्या पाण्याचा सतत बाहेर जाणारा दाब खाऱ्या पाण्याला रोखून धरतो.

या तोलाला एक अट आहे. जितकं मुरतं त्याहून जास्त उपसलं तर दाब कमी होतो आणि खारं पाणी वर सरकतं. आज किनाऱ्यालगतच्या कितीतरी गावांत पंप लावून उपसा वाढल्यावर विहिरींचं पाणी मचूळ झालं आहे. किल्ल्यांवरच्या विहिरी टिकल्या, कारण तिथे पोहऱ्याने ओढता येईल तेवढंच पाणी निघत होतं.

## दगड झिजला, चुना राहिला

मुरूडसमोरच्या खुल्या समुद्रात कासा नावाच्या खडकावर शिवाजी महाराजांनी पद्मदुर्ग बांधून घेतला. इथल्या तटाकडे जवळून पाहिलं की एक विलक्षण गोष्ट दिसते. दोन दगडांमधला चुना अजून पुढे आलेला आहे आणि दगड मात्र आत झिजून खोलगट झाले आहेत. तट जणू चुन्याच्या चौकटींचाच उरला आहे.

दगड झिजवणारी मुख्य वस्तू आहे मीठ. लाटांचे तुषार दगडावर बसतात आणि खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं. ऊन आणि वारा लागला की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि त्याचे स्फटिक वाढू लागतात. वाढणाऱ्या स्फटिकाला जागा हवी असते, म्हणून तो छिद्राच्या भिंतींवर दाब देतो आणि दगडाचा एखादा कण सुटतो. पुन्हा तुषार, पुन्हा ऊन, पुन्हा स्फटिक. साडेतीनशे वर्षांत हे चक्र असंख्य वेळा फिरलं. छिद्रं जितकी बारीक, तितका हा दाब जास्त होतो. म्हणूनच कठीण दिसणारा दगड या माऱ्यात हरू शकतो आणि त्याच्या शेजारचा, वेगळ्या घडणीचा चुना तग धरतो. चुन्याला आणखी एक गुण साथ देतो. भाजलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होत जातो.

कुलाब्याच्या तटात याच्या अगदी उलट युक्ती आहे. तिथे मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचले आहेत. लाट आपटली की पाणी फटींमध्ये शिरतं, तिचा जोर विभागला जातो आणि आत गेलेलं पाणी अडकून न राहता परत बाहेर येतं. एकाच सहलीत हे दोन्ही तट पाहता येतात. एकाच समुद्राला बांधणाऱ्यांनी दिलेली ही दोन उत्तरं आहेत.

## पावसाळ्यात समुद्राचा हिशेब बदलतो

वारा किती जोराचा, किती वेळ आणि किती लांबवरच्या पाण्यावरून वाहतो, या तीन गोष्टी लाटेचा आकार ठरवतात. नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून हजारो किलोमीटर, कित्येक आठवडे सलग वाहत येतात. त्यामुळे त्या दिवसांत किनाऱ्यावर ऊन पडलेलं असलं तरी लाटा मोठ्याच असतात. जलदुर्गांकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. कोळीबांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच होड्या पाण्यात लोटतात. बेटांच्या सहलीसाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वांत चांगला.

## चौकट: निघण्यापूर्वी

* तिथी पाहा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची अंदाजे वेळ, त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भरती बाराच्या सुमारास.
* उधाण की भांग ते ठरवा. चालत जायचं तर उधाणाची ओहोटी हवी. अष्टमी ते दशमीचे दिवस टाळा.
* वेळ पक्की करा. त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांना किंवा घोडागाडीवाल्यांना विचारा. त्यांचा शब्द शेवटचा माना.
* क्रम असा ठेवा. द्वितीया ते चतुर्थीच्या शनिवारी सकाळी कुलाबा, दुपारी मुरूडकडे प्रवास, रविवारी सकाळी जंजिरा आणि समुद्र शांत असेल तर पद्मदुर्ग.
* जीवरक्षक जाकीट घाला. पोहता येत असलं तरी घाला. होडीत ठरलेल्यापेक्षा जास्त माणसं बसत असतील तर पुढच्या फेरीची वाट पाहा.
* गोड्या पाण्याला जपा. तलावात, विहिरीत बाटल्या, खाऊचे कागद टाकू नका. बेटावर पाण्याचा दुसरा साठा नसतो.

खांदेरी, सिंधुदुर्ग आणि सुवर्णदुर्ग हे जलदुर्ग आणि किनाऱ्यावरचा विजयदुर्ग यांचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आता या किनाऱ्यावर अधिक लोक येतील, त्यांत पहिल्यांदाच समुद्र पाहणारेही असतील. तुमच्या कंपूत तिथी मोजता येणारा एक जण असू द्या आणि त्याने हा हिशेब बाकीच्यांना शिकवावा. पाणी वळू लागलं की किल्ल्यातलं काही पाहायचं राहिलं असलं तरी परत फिरा. पंधरा दिवसांनी तीच वाट पुन्हा मोकळी होते.